गोल्डफिश आणण्याआधी पाणी तयार करा

दिवाणखान्यात दोन फुटी काचेची टाकी आणि तीत आठ सोनेरी, एक काळा गोल्डफिश. फेंगशुईचा हा हिशेब आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. त्याने घरात पैसा येतो की नाही हे ज्याचं त्याला माहीत. माशांचं काय होतं ते मात्र सांगता येतं. पहिले चार-सहा दिवस मजेत जातात. मग एखादा मासा पर मिटून तळाशी बसून राहतो, दुसरा पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळायला लागतो आणि महिनाभरात निम्मी टाकी रिकामी होते. अशा वेळी घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच, "घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं." संकट बाहेरून आलेलं नसतं. ते टाकीतच तयार झालेलं असतं आणि त्याचं नाव अमोनिया.

गोल्डफिश नाजूक म्हणून उगाच बदनाम झाला आहे. तो कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातला मासा. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी, सोंग राजवटीच्या काळात, तो तळ्यांमधून हौसेने पाळला जात होता. पुढे तो जपानला पोचला आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत माणसाने त्याला हवा तसा आकार दिला. नीट सांभाळलेला फॅन्सी गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. इंग्लंडमधल्या टिश नावाच्या साध्या गोल्डफिशची नोंद तर ४३ वर्षांची आहे. १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला हा मासा १९९९ मध्ये मेला. आपल्याकडचे मासे ४३ दिवसही काढत नसतील, तर दोष माशाचा नाही.

दुकानात 'गोल्डफिश' म्हणून जे मिळतं त्यात दोन वेगळ्या प्रकृतीचे मासे असतात. कॉमेट, शुबंकिन आणि साधा गोल्डफिश हे लांबट अंगाचे, एका शेपटीचे, चपळ. ओरांडा, रियुकिन, ब्लॅक मूर, रांचू, पर्लस्केल, बबल आय हे फॅन्सी. अंग अंड्यासारखं गोल, शेपूट दुहेरी. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. अंग आखूड झालं, पण आतले अवयव काही कमी झाले नाहीत. आतडं आणि तरंगण्यासाठी लागणारी हवेची पिशवी तेवढ्याच जागेत दाटीवाटीने बसवलेली असतात. त्यात गोल्डफिशला जठर नसतं. अन्न थेट आतड्यात जातं आणि पटकन पुढे सरकतं. म्हणून तो सतत भुकेला दिसतो आणि सतत घाण करतो. फॅन्सी गोल्डफिशचे बहुतेक आजार आणि त्याच्या देखभालीचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात.

आता टाकी. पूर्ण वाढलेला ओरांडा किंवा रियुकिन सहा ते आठ इंचांचा होतो. पहिल्या माशाला ७५ ते ८० लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला किमान ४० लिटर असा साधा हिशेब धरा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा आपल्याकडच्या नेहमीच्या टाकीत काठोकाठ भरलं तरी ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे ती एका माशालाही अपुरी. आठ-एकच्या हिशेबाला ४०० लिटर लागतील! तीन बाय सव्वा बाय सव्वा फुटांची टाकी १३० लिटरच्या आसपास भरते, ती दोघांना बरी. तिघे हवे असतील तर रुंदी-उंची दीड-दीड फूट घ्या. उंच टाकीपेक्षा पसरट टाकी केव्हाही चांगली, कारण हवा पाण्यात शिरते ती पृष्ठभागातून. वजनाचाही विचार करा. १३० लिटर पाणी म्हणजे १३० किलो, त्यात काच आणि दगड वेगळे. टीव्हीच्या कपाटावर हे ओझं ठेवू नका. लोखंडी स्टँड घ्या, टाकीखाली थर्माकोलची शीट घाला आणि खिडकीतलं थेट ऊन पडणार नाही अशी जागा निवडा. गोल काचेच्या बोलबद्दल एवढंच सांगतो की रोम शहराने २००५ साली त्यात मासे ठेवायला कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे बंदी नाही म्हणून तो घ्यावा असं नाही.

टाकी आली, पाणी भरलं, मोटर सुरू झाली की मुलं म्हणतात, चला, मासे आणू. इथे थांबायचं असतं आणि नेमकं इथेच कोणी थांबत नाही.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकत असतो. विष्ठा आणि उरलेले दाणे कुजूनही अमोनियाच होतो. तो रंगाने दिसत नाही, थोडा असेपर्यंत वासही येत नाही. काचेसारखं नितळ पाणी माशासाठी जहाल असू शकतं. निसर्गात याची व्यवस्था जिवाणू लावतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, पण दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट मासा बऱ्यापैकी सहन करतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, काचेवर वस्ती करून राहतात. नव्या टाकीत ते नसतात. आपोआप वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे आत असतील तर ते स्वतःच्याच अमोनियात पोहत असतात.

म्हणून मासे आणण्याआधी रिकामी टाकी चालवायची. फिल्टर रात्रंदिवस सुरू ठेवा आणि माशांचे चिमूटभर दाणे रोज पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना खाद्य मिळेल. यातही एक जवळचा रस्ता आहे. ज्यांच्याकडे वर्षभर नीट चाललेली टाकी आहे अशा कोणाकडून फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा. दुधाला विरजण लावावं तसं हे काम होतं आणि आठवड्यांचं काम दिवसांत उरकतं. मात्र स्पंज ओला असतानाच, तासाभरात, बसवायला हवा आणि ती टाकी निरोगी हवी. नाहीतर विरजणाबरोबर आजारही येईल.

पाणी तयार झालं हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी थेंबांची टेस्ट किट लागते. छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवून पाच-दहा मिनिटं ठेवायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडं नायट्रेट दिसलं की टाकी तयार. नायट्रेट पुढेही ४० पीपीएमच्या खाली राहील असं बघा, २० असेल तर उत्तम. लोक माशांवर, दगडी किल्ल्यांवर, तोंड उघडणाऱ्या प्लॅस्टिकच्या मगरींवर खुशाल खर्च करतात आणि किटचं नाव काढलं की हात आखडता घेतात. मला विचाराल तर मगर राहू द्या, किट घ्या. ज्यांच्या टाकीत मासे आधीच आले आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. दाणे एक दिवसाआड, तेही अगदी थोडे. रोज पाव टाकी पाणी बदला. किटमध्ये दोन्ही आकडे शून्यावर स्थिरावेपर्यंत हे चालू ठेवा.

पाण्याची जातही ओळखून घ्यायला हवी. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशाचे कल्ले भाजतं आणि जिवाणूही मारतं. दुकानात अँटिक्लोरीन या नावाने थेंब किंवा खडे मिळतात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते बादलीतच मिसळा. पाणी पसरट टबात चोवीस तास उघडं ठेवलं तरी साधं क्लोरीन उडून जातं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की क्लोरीनचा डोसही वाढलेला असतो. त्या दिवसांत नुसत्या उघड्या बादलीवर विसंबू नका. बोअरचं पाणी क्षारांचं असलं तरी गोल्डफिशला चालतं, पीएच ७ ते ८.४ च्या दरम्यान तो खुशीत राहतो. मात्र पीएच जितका जास्त तितका अमोनिया अधिक विषारी. तेवढ्याच अमोनियातला घातक भाग पीएच ७ च्या तुलनेत ८ ला जवळजवळ दहापट होतो. बोअरवाल्यांनी किटकडे जास्त लक्ष द्यायचं ते यासाठी. आणि आरओचं पाणी तेवढं वापरू नका. आपल्याला ते शुद्ध वाटतं, पण माशाला लागणारे क्षारच त्यात उरलेले नसतात.

फिल्टर कोणताही घ्या, डोक्यावरचा, बाजूला लटकणारा किंवा बाहेरचा कॅनिस्टर. ताशी टाकीच्या आठ-दहापट पाणी फिरवेल एवढ्या ताकदीचा असावा, पण धार माशाच्या अंगावर नको. गोल अंगाचे हे मासे प्रवाहाशी झुंजू शकत नाहीत. पाणी काचेवर किंवा स्पंजवर सोडलं की जोर मरतो. शिवाय हवेची मोटर लावून एक साधा स्पंज फिल्टर जोडीला ठेवा.

आता ज्याच्यावर सगळे डोळे मिटून विश्वास टाकतात त्या टाकी-सफाईकडे येऊ. महिन्यातून एकदा माणूस येतो. सगळे मासे बादलीत काढतो, दगड-गोटे मोरीत खळखळून धुतो, स्पंज नळाखाली पाणी पांढरं येईपर्यंत पिळतो, शंभर टक्के नवं पाणी भरतो आणि टाकी चकाचक करून जातो. घरचे खूश होतात, मासे तीन-चार दिवसांत मलूल होतात. कारण त्या एका तासात जिवाणूंची सगळी वस्ती मोरीत वाहून गेलेली असते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आलेली असते. त्या माणसाचा दोष नाही, त्याला चकाचक टाकीचेच पैसे मिळतात. त्याला आधी सांगून ठेवा किंवा हे काम स्वतःकडे घ्या. मासे बाहेर काढायचे नाहीत. दर आठवड्याला साधी रबरी नळी लावून तळाची घाण ओढत तिसरा हिस्सा पाणी काढायचं, मासे जास्त असतील तर निम्मं. आतल्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार असलेलं, क्लोरीन काढलेलं पाणी सावकाश भरायचं. स्पंज धुवायचा तो त्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीनदा दाबून. मळकट राहिला तरी चालेल. अर्ध्या तासाचं काम आहे. काढलेलं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घाला, खताचं काम करतं.

तळाशी रंगीत खडी घालायचा मोह टाळा. गोल्डफिश दिवसभर तळ चाळत असतो, मटाराएवढा खडा त्याच्या तोंडात अडकतो. तळ मोकळा ठेवा, बारीक वाळूचा पातळ थर द्या किंवा तोंडात मावणार नाहीत असे मोठे गोटे घाला. मऊ वनस्पती तो फस्त करेल. जावा फर्न आणि अनुबियास जाड पानांचे असल्याने टिकतात. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा, त्यांचा आडवा कंद वाळूत पुरू नका, कुजतो.

खायला घालणं हा सगळ्यांचा आवडता कार्यक्रम आणि तिथेच घात होतो. काचेजवळ गेलं की मासे धावत येतात, तोंडं उघडमीट करतात आणि आजी-आजोबांना दया येते. गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची असते हे खोटं आहे; दाणे कोण घालतं हे त्याला पक्कं कळतं आणि पोट भरलेलं असलं तरी तो मागत राहतो. दिवसातून दोनदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. तरंगणाऱ्या दाण्यांपेक्षा बुडणारे दाणे घ्या, कारण वरचे दाणे गिळताना हवाही पोटात जाते. दाणे आधी वाटीत मिनिटभर भिजवले तर ते पोटात फुगत नाहीत. आठवड्यातून दोनदा उकडलेला मटार साल काढून, कुस्करून द्या; पालकाचं वाफवलेलं पान, काकडीची चकती, कोणाकडे अॅझोला असेल तर तीही आवडीने खातात. पोळीचा चुरा, ब्रेड, भात, कुरमुरे नकोत. दुकानातले जिवंत ट्युबिफेक्स किडे गटाराच्या पाण्यातले असू शकतात, त्यापेक्षा गोठवलेलं किंवा सुकवलेलं खाद्य बरं. आठवड्यातला एक दिवस कडक उपास ठेवा. ज्या घरी एकादशी पाळली जाते तिथे हे पटवणं सोपं जातं.

मासा उलटा किंवा तिरका तरंगायला लागला की बहुतेकांना तो मरणार असं वाटतं. पुष्कळदा ते बद्धकोष्ठ असतं. फुगलेलं आतडं हवेच्या पिशवीवर दाब टाकतं. दोन-तीन दिवस काहीही देऊ नका, मग मटार द्या, आणि पाणी तपासा. बरेच मासे एवढ्यावर सरळ होतात. रांचू आणि पर्लस्केलमध्ये हे वारंवार होतं, काहींच्या बाबतीत ते जन्माचंच दुखणं असतं.

फॅन्सी गोल्डफिशला १८ ते २४ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. कोकण, मुंबई, पुणे कुठेही घरातल्या टाकीला हीटर लागत नाही. नाशिकच्या थंडीत मासे मंदावतात तेव्हा फक्त खाणं कमी करा. आपला खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसात. आणि उष्णतेत माशाला तो जास्त लागतो. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडच्या वाचकांनी एप्रिल-मेमध्ये टाकीचं झाकण काढून जाळी लावावी आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्यावा. कोरड्या हवेत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. उडालेलं पाणी रोज भरा. बर्फ थेट टाकू नका. गोठवलेली छोटी बंद बाटली तरंगत ठेवता येते, पण एका तासात एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतार नको. हवेचे बुडबुडे वाढवा, दाणे कमी करा. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच. वीज फार वेळ गेली असेल तर बंद फिल्टरचा स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात हलका धुऊन मगच मोटर सुरू करा, नाहीतर आत साचलेली सडकी घाण एकदम टाकीत येते.

मासे निवडताना घाई नको. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला, बाकी शहरांत पेठेतली दुकानं. माल बहुतेक वेळा चेन्नईतल्या कोलाथूरसारख्या ठिकाणाहून किंवा कोलकात्याकडून लांबचा प्रवास करून आलेला असतो. कालच उतरलेला मासा घेऊ नका, आठवडाभर दुकानात तगलेला घ्या. पर ताठ हवेत, पोहणं समतोल हवं, दाणे टाकल्यावर तो धावला पाहिजे. त्याच टाकीत एखादा मेलेला दिसला तर नमस्कार करून बाहेर पडा. रांचूला पाठीवर पर नसतो, ते व्यंग नव्हे. काळा मूर वयाबरोबर तांबूस-सोनेरी होऊ शकतो, तोही आजार नव्हे. घरी आल्यावर पिशवी बंदच टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, शेवटी मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. टाकीत आधीचे मासे असतील तर नव्याला दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

सोबतीला एंजल, गप्पी, टायगर बार्ब नकोत. त्यांना गरम पाणी लागतं आणि बार्ब लोंबत्या शेपट्या कुरतडतात. 'टाकी साफ ठेवतो' म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर तर मुळीच नको. तो स्वतः फूटभर वाढतो, भरपूर घाण करतो आणि रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चोखतो. कॉमेटसारखे चपळ गोल्डफिशही फॅन्सींबरोबर नकोत, सगळे दाणे तेच खातात. बबल आयला नीट दिसत नाही, त्याला त्याच्यासारख्याच सोबत्यांत ठेवा.

आजाराचं औषध टाकण्याआधी पाणी तपासायचं, हा क्रम सोडू नका. अंगावर, परांवर, शेपटीवर बारीक रव्याएवढे पांढरे ठिपके विखुरलेले असतील आणि मासा दगडाला अंग घासत असेल तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, इक. पण फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर ओळीने टपोरे पांढरे कण असतील आणि मासा एरवी ठणठणीत असेल, तर तो वयात आलेला नर आहे. दरवर्षी कितीतरी धडधाकट नरांवर यापायी औषधांचा मारा होतो. इक असेलच तर जाडं मीठ लिटरला एक ते तीन ग्रॅम, विरघळवून, दिवसभरात तीन वेळा विभागून द्या. तापमान सावकाश २८ अंशांपर्यंत वाढवा, हवा वाढवा आणि ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवा. कातडीखाली बसलेल्या जंतूला मीठ लागत नाही, तो पाण्यात मोकळा पोहत असताना मरतो. मीठ उडून जात नाही, म्हणून पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच नव्याने घाला. निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, वेगळ्या टबातच वापरा. मुख्य टाकीत ते जिवाणूंचा बळी घेतं. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

कंटाळा आला किंवा बदली झाली म्हणून मासे विहिरीत, तलावात, नदीत सोडू नका. गोल्डफिश तिथे तगतो, वाढतो आणि तिथल्या मूळच्या माशांच्या तोंडचं खाणं पळवतो. दुकानदाराला परत द्या, नाहीतर टाकी असलेल्या कोणाला तरी द्या.

राहिला प्रश्न दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाण्याचा. मोठा, निरोगी गोल्डफिश आठवडाभर काही न खाता मजेत राहतो. निघण्याआधी दोन दिवस पाणी बदलून घ्या. शेजाऱ्यांकडे किल्ली जरूर द्या, ती मोटर चालू आहे का एवढं बघण्यासाठी. दाण्यांचा डबा मात्र कपाटात कुलपात ठेवून जा.